आनुवंशिक अटॅक्सियात टीएमएसने चालणे सुधारते का?

आपल्या भावाला एससीए-२ (तोल व हालचालींचा समन्वय बिघडवणाऱ्या आनुवंशिक अटॅक्सियाचा एक प्रकार) असल्याचे जनुकीय तपासणीत निष्पन्न झाले आहे, एका दवाखान्याने महिनाभर टीएमएस (डोक्याबाहेरून चुंबकीय स्पंदने देऊन मेंदूला चेतना देण्याचा उपचार) घेण्यास सुचवले आहे, आणि त्याने आजार बरा होईल का, असे आपण विचारले आहे. मी मेंदूविकारांच्या रुग्णांना व्यायामोपचार देते. माझ्या मते आजार बरा होणार नाही. उभे राहतानाचा तोल थोडा सुधारू शकेल, तोही काही काळापुरता.

एससीए-२ मध्ये एका जनुकातील सीएजी हा तुकडा प्रमाणाबाहेर वेळा आलेला असतो, त्यामुळे सदोष प्रथिन तयार होते आणि लहान मेंदूतील पर्किंजे पेशी वर्षानुवर्षे झिजत जातात. टीएमएसची कॉइल डोक्याच्या मागच्या उंचवट्याजवळ धरतात. टकटक आवाज करत ती क्षणभराचे तीव्र चुंबकीय क्षेत्र निर्माण करते व आतल्या पेशींत क्षीण वीजप्रवाह उमटतो. त्याने जनुक बदलत नाही की गेलेल्या पेशी परत येत नाहीत. शिल्लक पेशींचे मोठ्या मेंदूशी असलेले दळणवळण सुधारावे, एवढीच अपेक्षा असते.

बोस्टनच्या संशोधकांनी २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या चाचणीत २० रुग्णांपैकी काहींना खरा, तर काहींना नुसता लुटुपुटीचा उपचार वीस वेळा दिला. अटॅक्सियाची तीव्रता मोजणाऱ्या ‘सारा’ या ० ते ४० गुणांच्या मापनात (गुण जितके कमी तितके बरे) दोन्ही गटांचे एकूण गुण सुधारले. खऱ्या उपचाराचा वेगळा लाभ दिसला तो मुख्यतः उभे राहण्याच्या तोलात. म्हणूनच ‘आमच्या रुग्णांना बरे वाटते’ एवढ्या आश्वासनावर (ते प्रामाणिक असले तरी) मी पैसे भरणार नाही.

अमेरिकेच्या एफडीए या औषध व उपकरण नियामक संस्थेने २००८ मध्ये टीएमएसला मान्यता दिली ती नैराश्यासाठी, अटॅक्सियासाठी नव्हे. भावाला फिट येत असेल किंवा डोक्यात धातूची क्लिप, कॉक्लिअर इम्प्लांट (ऐकण्यासाठी कानात बसवलेले उपकरण) असेल, तर हे आधीच सांगा. उपचार घ्यायचाच ठरला, तर आधी आणि नंतर ‘सारा’चे गुण त्या दवाखान्याबाहेरच्या न्यूरोलॉजिस्टकडून लिहून घ्या, आणि पाय जुळवून उभे राहण्याचे चित्रीकरण करून ठेवा. तोलाचे व समन्वयाचे रोजचे व्यायाम मात्र त्या महिन्यातही थांबवू नयेत, कारण त्यांच्या उपयोगाचा पुरावा माझ्या मते अधिक भरवशाचा आहे. भारतातील क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्रीत अटॅक्सियावरील एखादी नोंदणीकृत चाचणी सुरू आहे का, हेही पाहा. तिथे प्रायोगिक उपचाराचे शुल्क रुग्णाकडून घेणे अपेक्षित नसते.