बॅटरी चार्ज करताय? आधी लेबल वाचा

चार्जर घेण्याआधी बॅटरीवरचं लेबल बघा: किती व्होल्ट, किती एएच (अँपिअर-अवर, म्हणजे बॅटरीची क्षमता) आणि प्रकार कोणता. साध्या लेड-ॲसिडला एएचच्या साधारण दहावा भाग करंट पुरतो. म्हणजे ४५ एएचला ४ ते ५ अँपिअर. दुचाकीच्या ५ एएचला अर्धा अँपिअर; तिला कारचा १० अँपिअरचा चार्जर लावलात तर ती तापून फुगलीच म्हणून समजा. लिथियमला तिचाच चार्जर हवा, इथे जुगाड नको.

क्लिप लावताना चार्जर बंदच हवा. लाल क्लिप प्लसला, काळी बॅटरीपासून लांब, इंजिनच्या रंग नसलेल्या धातूला. कारण चार्ज होताना हायड्रोजन निघतो आणि क्लिप टेकवताना उडालेली बारीकशी ठिणगीही त्याला पुरते. काढताना आधी चार्जर बंद, मग काळी, शेवटी लाल. खोली हवेशीर ठेवा, डोळ्यांवर चष्मा असू द्या.

टर्मिनलवर पांढरी-हिरवट भुकटी साचली असेल तर आधी साफ करा, नाहीतर क्लिप नुसती गरम होत राहील.

पाण्याच्या बॅटरीत प्लेटा उघड्या दिसल्या तर त्या बुडतील इतकंच डिस्टिल्ड वॉटर घाला. बाकीचं चार्जिंगनंतर, आधीच काठोकाठ भरलं की ॲसिड बाहेर येतं.

व्होल्ट मोजायचा मीटर लगेच लावू नका, चार्जर काढल्याकाढल्या आकडा फुगलेलाच दिसतो. काही तासांनी १२ व्होल्टच्या बॅटरीचा आकडा १२.६ व्होल्टच्या वर असेल तर बॅटरी भरली. १० च्या आसपासच अडकली असेल तर बहुधा आतला एक सेल (कप्पा) गेलाय.