समाधी नेमकी कुठली?

प्रश्न : काका, आमची वाडी वसवणाऱ्या मूळ पुरुषाची समाधी पांदीच्या कडेला होती, असं आजी सांगायची. आम्ही लिंगायत, म्हणून दहन नाही, पुरलेलं. आता ते रान दुसऱ्याचं आहे. सोयाबीनमध्ये दगडांचा एक ढीग दिसतो. तोच धरायचा का? आणि जपायचं कसं?
– एक वाचक, ता. औसा

उत्तर : ढिगावर नारळ फोडायची घाई करू नका. मोजणी खात्यात उभी हयात गेली, त्यामुळं मी आधी कागदच बघणार. आजचा सातबारा गट नंबरचा. आजीच्या काळात सर्व्हे नंबर होता. पुढं तुकडे जोडून गट पाडले, त्या एकत्रीकरणात जुना नंबर कुठल्या गटात गेला, ते भूमी अभिलेख कार्यालयात कळतं. मग तहसीलमधून 1954-55 चं खासरा पत्रक, म्हणजे त्या वेळची जमिनीची नोंद, काढा. मराठवाड्याला याहून जुना चांगला आधार क्वचितच मिळतो. निजामाच्या काळातले कागद बहुतेक उर्दूत, ते वाचणारा शोधावा लागतो. सातबाऱ्यावर 'पोटखराब ब' आहे का बघा. रस्ता, ओढा, दफनाची जागा असलं क्षेत्र त्यात धरतात.

कागद मुके निघाले तर म्हाताऱ्या बायांना विचारा, पण "समाधी कुठंय?" असं नको. "येळवशीला पांडव पुजून झाल्यावर अजून कुठं निवद ठेवायचात?" असं विचारा. येळवस म्हणजे वेळ अमावस्या, रानात पांडव पुजायचा आपल्याकडचा सण. एका गावात सगळे ज्याला म्हसोबा म्हणायचे, तिथं नव्वदीच्या आजी म्हणाल्या, "तिथं आम्ही अंबील न्यायचो, कोंबडं कधीच नाही." म्हसोबाला अंबिलीवर कोण भागवतं? शेंदराचा पापुद्रा एका कडेला आपसूक सुटला होता, त्याखाली लिंग आणि बसलेला नंदी दिसला, म्हणजे तो म्हसोबा नव्हता, लिंगायताची समाधी असावी.

तुमच्या ढिगातले दगडही हलवू नका. उन्हं कलल्यावर फोटो काढा, तिरप्या उजेडात पुसट कोरीव उठून दिसतं. शेंदूर खरवडायचा नाही, ऑइलपेंट लावायचा नाही, अ‍ॅसिड तर नाहीच. सांधे भरायचे तर चुन्यात. सिमेंट ओल आत कोंडतं. पिंपळाचं मूळ उपटलं तर दगड सोबत येतो, म्हणून कापून वाळू द्या. फरशी आणि पत्र्याच्या शेडसाठी वर्गणी सुरू झाली असेल, तर आधी ती थांबवा.

खरी अडचण रानमालकाची. त्याला दगडाचं काही नसतं, उद्या वाट मागाल याची भीती असते. चार जाणत्यांना घेऊन जा आणि वर्षातून एकदा, रान मोकळं असताना बांधानं येऊ, एवढंच लिहून द्या.