आधी छताच्या वर बघ

रुग्णालयात अग्निसुरक्षेच्या नवीन कामाला लागला आहेस, तर पहिल्याच आठवड्यात शिडी, टॉर्च आणि मजल्याचा फायर प्लॅन, म्हणजे आग अडवणाऱ्या भिंती दाखवणारा नकाशा, घेऊन फॉल्स सीलिंगच्या वर डोकावून ये. भिंत खालून कितीही धडधाकट दिसली तरी खरी भोकं वर असतात. केबलवाला येतो, ड्रिल मारतो, वायर ओढतो आणि निघून जातो. २ तास आग अडवायला बांधलेली भिंत त्या एका भोकाने निकामी होऊ शकते.

रुग्णालयात हे जास्त गंभीर का, ते समजून घे. ऑफिसातली माणसं जिना उतरून बाहेर पडतात. व्हेंटिलेटरवरचा रुग्ण कसा उतरवणार? त्याला पलंगासकट त्याच मजल्यावरच्या शेजारच्या भागात हलवतात. तो भाग सुरक्षित ठेवते ती हीच भिंत.

भोक दिसलं की साधा फोम मारू नकोस, तो जळतो. भिंत कसली, पाइप कशाचा, भोवतीची फट किती, यावर चाचणी झालेली पद्धत ठरते. प्लॅस्टिकचा पाइप आगीत वितळतो, म्हणून त्याला उष्णतेने फुगून भोक बंद करणारी कॉलर लागते.

लेखी परवानगीशिवाय कुणालाही वर हात घालू देऊ नकोस. भरलेल्या भोकाचा फोटो, जागा आणि तारीख नोंदवल्याखेरीज काम संपलं असं धरू नकोस. यात मी कधीच सवलत देत नाही.

फायर डोअर, म्हणजे आग अडवणारं दार, उघडं ठेवायला पाचर लावलेली दिसली तर काढ, पण ती का लागली हेही सिस्टरांना विचार. दिवसभर स्ट्रेचर जात असतील, तर अलार्म वाजताच दार सोडणारा मॅग्नेट बसवून घे.