मिनी ट्रॅक्टरच्या लोडर बकेटमध्ये तूस जास्त कसं बसवायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: २४ एचपीचा फोर व्हील ड्राइव्ह मिनी ट्रॅक्टर, पुढे लोडर, चार फुटी बकेट. पोल्ट्री शेडमध्ये भाताचं तूस टाकायला फेऱ्या फार होतात, म्हणून बकेटवर फूटभर पत्रा वेल्डिंग करून घ्यावा का? उंची जरूर वाढवा दादा, पण वेल्डिंग नको. नट-बोल्टवर करा, काढता-घालता येईल असं.

आधी वजनाचा हिशोब. चार फुटी बकेटमध्ये साधारण ६ घनफूट माल मावतो. सुटं तूस घनफुटाला साडेतीन किलोच्या आसपास, म्हणजे काठोकाठ बकेट भरली तरी जेमतेम २० किलो. या वर्गातले लोडर पिनपाशी (बकेट आर्मला जोडलेली असते तिथे) २५०-३०० किलो सहज उचलतात (तुमचा नेमका आकडा मॅन्युअलमध्ये बघा, त्यातून बकेटचं स्वतःचं वजन वजा करायचं). मागे आणि बाजूंना फूटभर चढवलंत, बाजू पुढे उतरत्या कापल्यात, तर चार-पाच घनफुटांची भर पडते. तुसाचं वजन ४० किलोच्या आतच राहतं. कोंबड्यांची बॅच गेल्यावर तेच तूस खत होऊन निघतं तेव्हा तिप्पट-चौपट जड झालेलं असतं, तेही झेपेल. ओलं शेणखत मात्र घनफुटाला २५ किलो धरा, तिथे काम काठावर येतं. मुरूम ४५ किलोच्या वर. साडेदहा घनफूट मुरूम म्हणजे पाचशेच्या घरात.

वेल्डिंग नको म्हणतो ते याच्यासाठी. पावसाळ्याआधी वाटेवर मुरूम टाकायची वेळ येते, ड्रायव्हर नवा असतो, बकेट दिसायला मोठी. जागा दिसली की भरली जाते! हायड्रॉलिक तेलाचा दाब ठरावीक मर्यादेपुढे जाऊ न देणारा रिलीफ व्हॉल्व्ह आहे ना, असं कुणी म्हणेल. तो फार तर उचलू देणार नाही. पण अर्धवट उचललेलं वजन घेऊन तुम्ही खड्ड्यातून गेलात की जो हिसका पुढच्या ॲक्सलला बसतो, तो व्हॉल्व्ह अडवत नाही. आणि प्रेशर वाढवून देतो म्हणणाऱ्या मेकॅनिकला चहा पाजून परत पाठवा.

आता बनवायचं कसं. ३ मिमी पत्रा चौरस मीटरला साडेतेवीस किलो भरतो, त्यात अँगल धरला की वीसेक किलो वजन नुसतं ओझं म्हणून फिरवायचं. १२ मिमीचं वॉटरप्रूफ प्लायवूड त्याच्या जवळपास एक तृतीयांश वजनात होतं आणि तुसाला पुरून उरतं. कडांना ३५ मिमीचा अँगल, कोपऱ्यात घट्ट जोड. भोकं बकेटच्या वरच्या काठाजवळच पाडा, पिनच्या ब्रॅकेटजवळ अजिबात नाही. बोल्टची गोल डोकी आतून, नायलॉक नट (आत नायलॉनची कडी असलेले, सैल न होणारे) बाहेरून. उलटं लावलंत तर प्रत्येक नटाशी माल अडकून बसेल.

मागची बाजू मात्र प्लायवूडने बंद करू नका. सीटवरून बकेटची धार दिसली पाहिजे, शेडच्या आसपास पोरंबाळं, कुत्री असतातच. मागे वेल्डमेश (वेल्ड केलेली तारेची जाळी) लावा. कुट्टीला नुसती जाळी चालते, तूस मात्र तिच्यातून गळतं, म्हणून आतून शेडनेटचा तुकडा ताणून बांधा. अंधुक का होईना, पलीकडचं दिसतं.

मागची बाजू उंच करणं दुसऱ्या कारणासाठीही लागतंच. मिनी ट्रॅक्टरचे बहुतेक लोडर बकेट आपोआप समतल ठेवत नाहीत. आर्म जसजसे वर जातात तशी बकेट मागे कलते आणि तूस बॉनेटवर सांडतं. तिथून ते रेडिएटरच्या जाळीत जातं, इंजिन तापतं. तापलेल्या सायलेन्सरपाशी कोरडं तूस साचू देणं तर त्याहून वाईट. दुपारच्या सुट्टीत ब्रशने जाळी झाडायची सवय लावा, एअर फिल्टरही रोज बघा.

सगळं बसवल्यावर इंजिन स्लो ठेवून बकेट पूर्ण वर, पूर्ण मागे, पूर्ण पुढे फिरवून बघा. जाळीची वरची कड आर्मला किंवा बॉनेटला घासत असेल तर तेवढी कापा. बकेट पुढे लांबवायचा मोह टाळा. पिनपासून माल जितका पुढे, तितका ट्रॅक्टरचा मागचा भाग हलका. रोटाव्हेटर मागे जोडलेला ठेवलात तर तोल राहतो, पण शेडमध्ये वळायला अडचण होत असेल तर काँक्रीट भरलेला छोटा बॉक्स थ्री पॉइंटला (मागे अवजार जोडायच्या लिंकेजला) लावा.

पाचटासाठी हा उद्योग करू नका. ते बकेटमध्ये शिरतच नाही, त्याला दातेरी फोर्क आणि वरून दाबणारा पंजा लागतो.

आणि एक गोष्ट बकेटला हात लावण्याआधी करून बघा. तूस मोकळ्यावर ओतलेलं असेल तर बकेट घुसली की ढीग पुढे सरकतो आणि अर्धी बकेट रिकामी येते. तीन बाजूंनी ब्लॉकची कमरेएवढी भिंत घाला, ढीग भिंतीला टेकवा, बकेट जमिनीलगत सरळ आत घाला आणि हळूहळू वर वळवत उचला. भिंतीचा खर्च एकदाच, वाऱ्याने उडणारं तूसही वाचतं. एवढ्यानेही फेऱ्या फार वाटल्या तर मग फळ्या. बकेटच्या वरच्या काठाला पाइप आहे की नुसती पट्टी, ते कळवा, बोल्ट कुठे घ्यायचे ते नेमकं सांगता येईल.