चौथी-पाचवीच्या मुलांना परीकथांवरून लिहितं कसं करावं?

नुसतं ‘गोष्ट पुढे लिहा’ म्हटलं की मुलं ‘आणि ते सुखाने नांदू लागले’ लिहून वही मिटतात. त्यापेक्षा गोष्टच आपल्याकडे आणा. लाल टोपीवाली पोर जळगाव जिल्ह्यातल्या चोपड्याच्या केळीच्या बागेतून आजीकडे निघालीय, डब्यात कळण्याची भाकरी आणि वांग्याचं भरीत. लांडगा खानदेशातल्या अहिराणी बोलीत विचारतो, ‘कथा चालनी व माय?’ (कुठे चाललीस गं माय?) पुढचे संवाद मुलांनी लिहायचे. घरी अहिराणी बोलणारी, वर्गात गप्प बसणारी पोरं इथे सुटतात.

गोष्ट बदलायला बिचकली तर सिंड्रेला सांगा, तीही प्रत्येकाने वेगळी सांगितलीय: फ्रेंच लेखक पेरोच्या १६९७च्या कथेत परी आणि काचेचा बूट, जर्मनीच्या ग्रिम बंधूंकडे सोन्याचा बूट आणि आईच्या थडग्यावरचं झाड. लांडग्याचा पोलीस ठाण्यातला जबाबही धमाल होतो. शुद्धलेखन मात्र त्या दिवशी तपासू नका.