भत्त्याचा तक्ता पाहून लेकीचं हॉटेल मॅनेजमेंट कॅन्सल करू का?

नागपूरच्या हिंगणा रोडवरून एका ताईंचा मेल आलाय. मुलगी बारावी झाली, तिला हॉटेल मॅनेजमेंट करायचंय. पण अमेरिकेत असलेल्या पुतण्याने तिकडचा एक तक्ता पाठवला, कोणत्या धंद्यातले किती लोक सरकारी बेरोजगार भत्ता घेतात त्याचा, आणि २०२० मध्ये, कोरोनात, हॉटेलवाल्यांची रेघ सरळ आभाळात गेलेली. ताईंचे मिस्टर एमआयडीसीत मशीनवर होते, त्यांचंही काम त्याच वर्षी गेलं, आता ते दुकानात हिशेब पाहतात. ताई विचारतात, "घरात एकाने भोगलं तेवढं पुरे, मुलीला कॉम्प्युटरलाच टाकू का?"

ताई, भीती कळते हो. पण तो तक्ता जरा नीट पाहू, कारण त्यात दिसतं तेवढंच नसतं.

रेघ वर गेली हे खरंच आहे. एप्रिल २०२० ला अमेरिकेत हॉटेल, रेस्टॉरंट, करमणूक या क्षेत्रातला बेरोजगारीचा दर ३९.३ टक्के झाला होता, म्हणजे दहातले चार घरी. पण त्याच वेळी भत्त्याचे नियमही बदलले. एरवी तिकडे हा भत्ता पगारदार माणसालाच, तेही स्वतःची चूक नसताना काम गेलं तरच, बहुतेक राज्यांत जास्तीत जास्त २६ आठवडे. मार्च २०२० च्या कायद्याने स्वतःचा धंदा करणारे, टॅक्सीवाले, फ्रीलान्सवाले असे सगळे आत घेतले नं वरून आठवड्याला ६०० डॉलर जास्तीचे. म्हणजे रेघ वर गेली त्यात थोडं संकट आहे नं थोडं दार उघडल्यामुळे आत आलेले लोक आहेत. आणि पुढे वर्ष-दीड वर्षात तिथल्याच हॉटेलवाल्यांना माणूस मिळेना, लोक स्वतःहून नोकऱ्या सोडत होते आणि त्यात हॉटेलवाले सगळ्यात पुढे, हे पुतण्याने पाठवलं नसेल.

अजून एक गंमत. तिकडे थंडीत बांधकामवाल्यांचे अर्ज वाढतात, बर्फात काम बंद म्हणून, उन्हाळ्यात कमी होतात. शाळेतल्या मास्तरांना मात्र सुट्टीत सहसा भत्ता मिळत नाही, कारण शाळा उघडली की परत कामावर जाणार हे ठरलेलं असतं. म्हणजे दोघंही घरी बसलेले, पण यादीत एकच. आपल्याकडचं पाहा नं, पेंच-ताडोब्याचा कोअर भाग पावसाळ्यात बंद असतो तेव्हा रिसॉर्टवाले माणसं कमी करतात, आणि डिसेंबरात अधिवेशन आलं की नागपुरात हॉटेलची खोली मिळत नाही. याला मी धंदा बुडाला म्हणणार नाही, हा सीझन आहे. सीझनचा पैसा सांभाळता यायला पाहिजे, बस.

आता आपल्या देशातलं. इथे असा तक्ता काढला तर तो कोणाची नोकरी गेली हे सांगणारच नाही, कोणाचं ईएसआय, म्हणजे पगारातून कापला जाणारा सरकारी कामगार विमा, कापलं जात होतं हे सांगेल. ईएसआयमध्ये अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना आहे, जुलै २०१८ पासून. आधी सरासरी रोजच्या पगाराच्या २५ टक्के मिळायचे, मार्च २०२० पासून ५० टक्के केले. जास्तीत जास्त ९० दिवस, आयुष्यात एकदा. कमीतकमी दोन वर्षं विमा असलेली नोकरी झालेली पाहिजे, हप्त्याच्या दिवसांची अट वेगळी. मुदत वाढवत वाढवत चाललीय ती योजना, म्हणून वेळ आलीच तर ईएसआयच्या शाखेत जाऊन चालू नियम विचारायचा. १६ हजार पगारवाल्याला तीन महिन्यांचे मिळून साधारण २४ हजार. घर चालत नाही त्यात पण किराणा निघतो.

आणि आता ज्याच्यासाठी एवढं लिहून राहिलो ते. ईएसआयची पगाराची मर्यादा आहे २१ हजार. म्हणजे ६० हजारवाल्या कॉम्प्युटर इंजिनिअरची नोकरी उद्या गेली तर तो या यादीत येणारच नाही! शिवाय कॉम्प्युटर कंपन्यांत बऱ्याचदा काढत नाहीत, बोलावून राजीनामा लिहून घेतात, आणि स्वतःहून सोडलेल्याला हा भत्ता लागूच नाही. घरी जेवण पोचवणारा पोरगा, घाटावरचा टपरीवाला, हेही यादीत नाहीत. म्हणून यादीत कॉम्प्युटरवाले दिसत नाहीत म्हणजे ते सुरक्षित, हा हिशेबच चुकीचा आहे ताई. (आणि मोबाईलवर "सर्व पदवीधरांना महिना इतके हजार भत्ता" असे फॉर्म फिरतात ते भरू नका, महाराष्ट्रात असा सरसकट भत्ता नाहीये. २०२४ ला आलेलं मुख्यमंत्र्यांचं युवा कार्य प्रशिक्षण, बारावीला ६ हजार, आयटीआय-डिप्लोमाला ८, पदवीला १०, ते शिकाऊ कामाचं विद्यावेतन आहे.)

मग पाहायचं काय? आमच्या गल्लीत दोघं होते, एकाच मिलमध्ये, एकाच दिवशी घरी बसले. एक मागावरचा, एक मिलचाच इलेक्ट्रिशियन. इलेक्ट्रिशियन महिन्याभरात बुटीबोरीच्या एमआयडीसीत लागला. मागावरच्याने पुढे रिक्षा घेतली, कारण त्याच्या हातातलं काम घेणारी दुसरी मिल गावात उरलीच नव्हती. एम्प्रेस मिल १८७७ ला सुरू झाली नं २००२ ला बंद, आज तिथे मॉल उभा आहे, तुम्ही पाहिलाच असेल. धंदा कोणताही असो, मी एवढंच विचारतो की इथलं काम गेलं तर हेच काम देणारे दुसरे दहा जण चार-पाच स्टेशनं इकडेतिकडे आहेत का?

स्वयंपाकाला आहेत. हॉटेल आहे, हॉस्पिटलचं किचन आहे, मिहानमधल्या कंपन्यांच्या कॅन्टीन आहेत, हॉस्टेलच्या मेस, लग्नाचे केटरर. रिसेप्शनवर छान इंग्रजी बोलायच्या कामाला तेवढे नाहीत, ते फक्त हॉटेलातच. म्हणून मुलीला सांगा, जायचं तर किचन नाहीतर बेकरीकडे जा, नुसत्या ब्लेझरकडे पाहून नको. कॉम्प्युटर तिला आवडत नसेल तर भीतीपोटी ढकलू नका, चार वर्षं फी भराल आणि ती बॅकलॉग काढत बसेल.

कर्जाचं मात्र मी कडक आहे. हॉटेलात सुरुवातीचा पगार कमीच असतो, पाय दुखतात, सणाला सुट्टी नाही. लाखोंचं कर्ज काढून चकाचक प्रायव्हेट कॉलेज घेऊ नका. सीईटी दिली असेल तर आधी कमी फीच्या जागा पाहा, आणि कॉलेजात जाऊन मागच्या बॅचची मुलं कुठे ट्रेनिंगला गेली ते त्याच मुलांना विचारा, ऑफिसातल्या मॅडमना नाही. पहिली नोकरी लागली की पगाराच्या स्लिपवर ईएसआय दिसतंय का बघायला शिकवा तिला. १५ हजारावर तिचे शंभर-सव्वाशे रुपये कटतात, मालकाचे वेगळे. मिस्टरांच्या वेळेस ते कटत होते की नाही हे घरात कोणालाच माहीत नव्हतं, असं तुम्हीच लिहिलंय.

अजून लग्नाचे मुहूर्त आहेत. ओळखीचा चांगला केटरर असेल तर पंधरा दिवस तिला तिथे उभी करा, कांदे चिरायला, ताटं मोजायला, या उन्हात भट्टीजवळ, आणि संध्याकाळी तिला न्यायला तुमच्यापैकी कोणीतरी जा. घरी आल्यावरही ती हेच करायचं म्हणाली तर परत लिहा, मग कॉलेजांची यादी घेऊन बसू.