गेममधल्या कॅस्टिलला बंदुका नकोत, मेंढ्या द्या

मध्ययुगीन स्पेन-पोर्तुगालवरच्या तुमच्या गेमच्या आराखड्यात कॅस्टिल, अरागॉन, पोर्तुगाल ही ख्रिस्ती राज्यं आणि ग्रॅनडाचं मुसलमान राज्य असे चार पक्ष आहेत, काळ 1085 ते 1492. कुठल्या पक्षाला कुठला सैनिक दिला म्हणजे इतिहासाची चाड असलेले खेळाडू नाकं मुरडणार नाहीत, असा तुमचा प्रश्न आहे. माझं मत विचाराल तर सैनिकांची पक्षवार वाटणी हाच घोळ आहे. 1246 मध्ये ग्रॅनडाचा इब्न अल-अहमर कॅस्टिलच्या तिसऱ्या फर्नांदोचा मांडलिक झाला आणि पुढे सेव्हिलच्या वेढ्यात ग्रॅनडाचे मुसलमान स्वार कॅस्टिलच्या बाजूने मुसलमानांविरुद्ध उभे राहिले. कॅस्टिलचा नामांकित योद्धा एल सिदही हद्दपारीत सारागोसाच्या मुसलमान राजाच्या पदरी होता. तुमच्या गेममध्ये एका पक्षाला दुसऱ्याचे स्वार मागवता येत नसतील, तर चिलखताच्या कड्या कितीही अचूक काढा, उपयोग नाही.

आधी यादीतली छाटणी उरकतो. काँकिस्तादोर काढून टाका. एज ऑफ एम्पायर्स 2 मुळे घोड्यावरून बंदूक झाडणारा स्पॅनिश स्वार आपल्या डोक्यात पक्का बसलाय. पण 1519 मध्ये स्पॅनिश सेनानी कोर्तेस मेक्सिकोला निघाला तेव्हा, त्याच्या मोहिमेतला सैनिक बेर्नाल दिआझच्या सांगण्याप्रमाणे, त्याच्याकडे घोडे होते 16, क्रॉसबोवाले 32 आणि बंदूकवाले अवघे 13. म्हणजे तुमचा काळ संपून पाव शतक उलटलं तरी क्रॉसबोच जास्त! तेर्सिओ, म्हणजे भाले-बंदुकांच्या स्पॅनिश पायदळाच्या तुकड्या, 1530 च्या दशकातल्या, त्याही बाद. ग्रॅनडाच्या स्वाराच्या हातातली वाकडी समशेर सिनेमातून आलीय. शेवटचा सुलतान बोआब्दिलची म्हणून जपलेली तलवार सरळ आणि दुधारी आहे. उंट ठेवायचेच असतील तर 1086 च्या सग्राहासच्या लढाईत उत्तर आफ्रिकेतून आलेल्या अल्मोराविदांकडे ठेवा, ग्रॅनडाकडे नकोत.

आता हिनेते, म्हणजे हलके भालाफेके स्वार. त्यांच्यावर मात्र वेळ घाला. हलकं खोगीर, आखूड रिकीब, त्यामुळे गुडघे दुमडलेले, हातात कातड्याची ढाल आणि फेकायचे भाले. अंगावर जायचं, भाला फेकायचा, घोडा वळवायचा, पुन्हा यायचं. ही पद्धत उत्तर आफ्रिकेतल्या झनाता बर्बरांची. तेराव्या शतकाच्या शेवटी अरागॉनच्या ख्रिस्ती राजांनी असे मुसलमान स्वार पगारी ठेवले आणि ख्रिस्ती शत्रूंवरही सोडले. गंमत पाहा, खुद्द ग्रॅनडाचे स्वार मात्र आधी वेगळे होते. तेराव्या शतकात तिथले स्वार शेजारच्या ख्रिश्चनांसारखेच जड सामानात लढत. झनाता पद्धत त्यांनी नंतर उचलली आणि चौदाव्या शतकात ग्रॅनडाचा इतिहासकार इब्न अल-खतीबने हा बदल नोंदवून ठेवला. म्हणून 1250 मधला ग्रॅनडाचा स्वार कॅस्टिलच्या स्वाराच्या जवळचा दाखवा, 1380 मधला वेगळा. वाटणी करायचीच तर शतकवार करा.

एज ऑफ एम्पायर्समध्ये या हिनेतेंवर बेतलेला जेनिटूर बर्बरांना मिळतो, आणि बर्बर संघात असतील तर त्यांच्या दोस्तांनाही. नियम खेळाच्या तोलासाठी केला असावा, पण अरागॉनच्या बाबतीत तो चपखल बसतो. तिरंदाजांवर भारी असण्याचा गुण मात्र उचलू नका. 1367 मध्ये नाहेराच्या लढाईत कॅस्टिलच्या एन्रिकेकडे हिनेते होते आणि इंग्लिश लाँगबोपुढे (लांब धनुष्यापुढे) त्यांची डाळ शिजली नाही. रसद तोडणं, पांगलेल्या पायदळाला छळणं, पाठलाग करणं ही त्यांची कामं.

तुमच्या आराखड्यात मला सगळ्यात खटकलं ते वेगळंच: सैनिक बराकीत सोनं देऊन तयार होतात आणि मैदानी लढाईसाठीच असतात. लास नावास दे तोलोसासारख्या (1212) मोठ्या लढाया क्वचित व्हायच्या. रोजचं युद्ध म्हणजे स्वारी करायची, गुरं-मेंढ्या आणि माणसं पळवून आणायची. कॅस्टिलच्या सीमेवरच्या गावांत ज्याला घोडा बाळगायची ऐपत, तो काबायेरो विलानो. आपल्या शिलेदारासारखा, घोडा आणि हत्यार स्वतःचं. बदल्यात करमाफी आणि गावात मान. गेममध्ये याचा अर्थ असा की या स्वाराला पगार लागत नाही, पण त्या गावाचा कर घटतो आणि मोहीम लांबली की तो घरी जायला निघतो. कॅस्टिलमधल्या कुएन्का गावाच्या सनदेत तर लुटीची वाटणी कशी करायची तेही लिहिलंय. जखमा आणि मेलेल्या घोड्यांची भरपाई आधी, वाटण्या मग. शिवाय राजाचा पाचवा हिस्सा असतोच. इतके तयार नियम दुसऱ्या कुठल्या काळात मिळणार? नकाशावर चरणारे कळप ठेवा आणि ते पळवता येऊ द्या.

अल्मोगावार, म्हणजे सीमेवर छापे घालणारे हलके सैनिक, तुम्ही फक्त अरागॉनला दिलेत. ते कॅस्टिलमध्येही होते. तिथला राजा दहाव्या आल्फोन्सोच्या कायद्यांत त्यांच्या बढतीची उतरंड आहे: चांगल्या प्याद्यातून अल्मोकादेन (प्याद्यांचा नायक), त्यातून घोडेस्वार अल्मोगावार, त्यातून वाटाड्या-सरदार, म्हणजे आदालिद. तुमचं अपग्रेडचं झाड आयतं तयार! सामान अगदी कमी: अंगरखा, कातडी पायताणं, सुरा, आखूड भाला, दोन फेकायचे भाले आणि पिशवीत भाकरी. यांना स्वारांविरुद्ध फायदा द्या, पण घोड्यावर भाला फेकूनच. भिंतीसारखं उभं राहून नव्हे. दलदलीत तो दुप्पट करा, कारण 1311 मध्ये ग्रीसमध्ये अल्मोगावारांच्या कातालान कंपनीने अथेन्सच्या ड्यूकची फ्रेंच घोडदळं चिखलातच बुडवली.

पोर्तुगालबद्दल थोडक्यात. आपल्याकडे पोर्तुगीज म्हटलं की 1510 मध्ये गोव्यात उतरलेला आल्बुकेर्कचा माणूस डोळ्यासमोर येतो. 1385 च्या कॅस्टिलविरुद्धच्या आल्जुबारोताच्या लढाईला तो चिकटवू नका. तिथे तोफा होत्या त्या कॅस्टिलकडे. पोर्तुगीज पायउतार होऊन लढले, सोबत इंग्लिश तिरंदाज, समोर खड्डे आणि चर. त्यांना खड्डे खणायची मुभा द्या, तेवढं वैशिष्ट्य पुरे.

भिंती फोडणाऱ्या तोफा शेवटच्या दशकासाठी राखून ठेवा. 1485 मध्ये ग्रॅनडाचं रोंदा शहर तोफांच्या माऱ्याखाली पडलं, त्या सुमारापासून त्या खुल्या करा. त्याआधी किल्ला घ्यायचा तर खेळाडूला वेढा घालून, आसपासची पिकं जाळून, वाट पाहत बसू द्या.